भाऊबीज, कढीपत्ता आणि अर्ध्या नावाचा कोळी

चूक माझी होती, तेव्हा आधी तीच सांगते.

जूनमध्ये भाचीनं, चिऊनं, ठाण्याहून व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. सातव्या मजल्यावरची गॅलरी, कुंडीतला कढीपत्ता आणि पानावर तांदळाच्या दाण्याएवढा पिवळट तपकिरी कोळी. खाली मेसेज: ‘आत्या, हा कोणता? बोट नेलं तर टुणकन उडाला.’ मी साताऱ्यात बँकेच्या काउंटरवर, समोर केवायसीची रांग. उडाला म्हणतेय तर ‘उड्या मारणारा कोळी’ असं ठोकून दिलं आणि पुढच्या माणसाचं पासबुक घेतलं. पोरीनं ते शाळेच्या प्रकल्पात चिकटवलं. खाली लिहिलं, ‘माहिती: आत्या’.

सप्टेंबरात फोनमधले जुने फोटो पुसत होते, तेव्हा तो पुन्हा समोर आला. मोठा करून पाहिला आणि जीभ चावली. पायांवर काटे होते. लव नव्हे, चांगले लांब काटे, बाभळीच्या फांदीला असतात तसे उभे. उड्या मारणारा कोळी आखूड पायांचा, केसाळ, पुढे दोन टपोरे डोळे असलेला. हा लांब पायांचा, मागे निमुळता होत गेलेला. म्हणजे हा लिंक्स कोळी. लिंक्स हे लडाखकडे सापडणारं, कानांवर केसांचे झुपके असलेलं रानमांजर. हा कोळीही मांजरासारखा दबा धरतो आणि झेप घालतो. किडे अडकवायला जाळं विणत नाही.

कूळ कळलं, ऑक्सिओपिडी. पण या कुळात जगभरात साडेचारशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या कितीतरी आपल्याकडे. यातली आपली कुठली? चिऊला म्हटलं, भाऊबीजेला येतेय, तेव्हा बघू. त्यावर भावाचा फोन, ‘ताई, तू मला ओवाळायला येतेस की कोळ्याला?’

गुरुवार: भाऊबीज आणि एक कात

एसटीचा प्रवास नेहमीसारखा. दुपारी घोडबंदर रोडवरच्या त्यांच्या घरी पोचले. अंघोळ, ओवाळणं, वहिनीच्या हातचे अनारसे. ते या वर्षी जाळीदार आणि खुसखुशीत झाले होते, हे इथं लिहून ठेवते कारण गेल्या वर्षीचे तळताना विरघळले होते आणि तेही मी सगळ्यांना सांगितलं होतं. तबकातलं निरांजन विझायच्या आत चिऊनं मला गॅलरीत ओढलं.

कोळी नव्हता. पानं उलटीपालटी केली, कुंडीच्या कडा बघितल्या, बॅटरी मारली. काही नाही. दिवाळीचा धूर, आठवडाभर फटाके, खाली कुणीतरी लावलेली हजाराची माळ. गेला असेल कुठं तरी, असं म्हणून वळणार तेवढ्यात चिऊ म्हणाली, ‘हा मेलेला आहे का?’ एका देठाखाली बारीकशा धाग्याला काहीतरी लोंबत होतं. काचेसारखं, आठ पाय वर दुमडलेलं. ती कात होती. कोळी वाढतो तेव्हा जुनी कातडी टाकून बाहेर पडतो, मागे हा रिकामा अंगरखा राहतो.

आमच्या बँकेत सोनेतारणाचे दागिने तपासायला येणाऱ्या सराफांकडून मी त्यांचं दहापट भिंग मागून आणलं होतं. काळ्या मखमलीच्या डबीत कात ठेवली (डबी वहिनीच्या कानातल्यांची, परवानगी नंतर घेतली) आणि भिंग डोळ्याला लावलं. पायांचे काटे जसेच्या तसे होते, आतून पोकळ. पाठीचं कवच डब्याच्या झाकणासारखं एका बाजूनं उघडलं होतं आणि त्या झाकणावर डोळ्यांच्या जागी स्वच्छ, गोल, इवल्या खिडक्या. कात टाकताना डोळ्यावरचं भिंगसुद्धा कोळी टाकून देतो, हे मी वाचलं होतं, पाहिलं पहिल्यांदाच. चिऊनं मोजल्या. वर सहा, षट्कोनात. त्यांच्या खाली, पुढच्या बाजूला, अगदी बारक्या दोन.

लिंक्स कोळ्याची हीच ओळख. सहा डोळ्यांचा षट्कोन, खाली दोन लहान डोळे, त्याखाली उंच सपाट कपाळ, आणि काटेरी पाय. एवढं दिसलं की कूळ पक्कं. मालक घरी नसताना त्याच्या सदऱ्यावरून कूळ लागलं.

कुळाच्या आत जवळच्या जातींचे लहान गट असतात. शास्त्रीय नावात या गटाचं नाव आडनावासारखं, पण आधी येतं. आमच्या कोळ्याचं आडनाव बहुधा ऑक्सिओपीस. लात्रेय या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८०४ साली ते ठेवलं. ग्रीकमध्ये अर्थ तीक्ष्ण नजरेचा. आणि पुढची नावं? पुढे झूऑलॉजिकल सर्व्हेचे संचालक झालेल्या बी. के. टिकादरांनी १९७० साली या आडनावाच्या कोळ्यांना दिलेली ही काही नावं ऐका: श्वेता, सुनंदा, रत्ना, शकुंतला, सीता. त्याआधी १९६५ साली सुशीला. चिऊला वाटलं मी थट्टा करतेय. मी म्हटलं, अगं खरंच, लॅटिन शेपूट लावलेली आपल्याकडची नावं आहेत. रात्री जेवताना भाऊ विचारत होता, ‘मग गॅलरीत कोण राहते, शकुंतला की रत्ना?’

शुक्रवार: ऐरोली, ओहोटी, आणि कोळ्याचं कोळ्याबद्दल मत

आज खाडी. ठाण्याची खाडी म्हटलं की सगळ्यांना फ्लेमिंगो आठवतात. २०१५ साली तिचा मोठा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ साली रामसर या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेला. पण खारफुटीच्या कडेच्या झुडपांवर कोळीही भरपूर असतात आणि माझा अंदाज होता की तिथं लिंक्स सापडेल. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राकडे निघालो. खाडीत बोटीनं फिरायचं असेल तर भरतीची वेळ आधी बघावी लागते. मी बघितली नव्हती. आम्ही पोचलो तेव्हा खाडीनं पाणी पार आत ओढून घेतलेलं, समोर नुसता चकाकणारा चिखल. चिऊ माझ्याकडे बघत राहिली. मी काहीच बोलले नाही.

(जाणाऱ्यांसाठी: भरतीचं वेळापत्रक आधी बघा आणि बोटीची नोंदणी घरूनच करून निघा. फ्लेमिंगो हवे असतील तर नोव्हेंबरनंतर, खरी गर्दी त्याच्याही पुढे उन्हाळ्याकडे. ऑक्टोबरात जाल तर ऊन डोक्यात जातं, टोपी हवीच.)

ओहोटीचं बरं असं की चिखलात निवट्या दिसल्या. डोळे डोक्यावर बसवलेले हे मासे पाण्याबाहेर पंखांवर रेलून बसतात आणि एकमेकांवर उड्या घेतात. चिऊ अर्धा तास तिथंच. मी मारांडीची झुडपं तपासत होते. ही खारफुटीतली काटेरी पानांची, जांभळ्या फुलांची. पानाला हात लावाल तर ओरबाडून निघाल. तिथं लांब जबड्यांचे, काडीसारखे चार पाय पुढे, चार मागे ताणून बसणारे कोळी होते. लिंक्स नव्हता.

मग तिवराच्या पानावर एक जण दिसला आणि मी चिऊला हाक मारली. काळा, केसाळ, आखूड. मी बोट पुढे केलं तर तो पळाला नाही. अंग वळवून त्यानं माझ्याकडे बघितलं. बोट डावीकडे नेलं, तो डावीकडे वळला. दोन मोठे डोळे मोटारीच्या दिव्यांसारखे समोर. ‘हा बघ उड्या मारणारा कोळी,’ मी म्हटलं, ‘तुझ्या प्रकल्पात ज्याचं नाव गेलं तो.’ चिऊनं विचारलं, आपल्या गॅलरीतला असा वळला होता का? नाही, तो सरळ निसटला होता. उडी दोघंही मारतात. टक लावून माणसाला न्याहाळायची ही खोड या कुळाची.

तिथून दिवा गावाच्या जेट्टीकडे गेलो. एक काका जाळ्याची भोकं सांधत बसले होते, पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून. आम्ही झुडपांत काय शोधतोय हे त्यांनी लांबून बघितलं असणार. ‘काय हरवला काय, बाय?’ मी सांगितलं, कोळी शोधतोय. ते हसायला लागले. ‘कोली त तुमच्या समोर बसलाय!’ मग मी फोटो दाखवून समजावलं, हा कोळी जाळंच टाकत नाही, नुसता पानावर बसतो आणि आलेल्या किड्यावर झडप घालतो. त्यांनी फोटो लांब धरून नीट पाहिला, परत दिला. ‘जालं नाय टाकीत त कोली कसला? ह्याला बगला म्हना.’

मला हे पटलं. लिंक्स हे लांब लडाखकडचं मांजर कुणी पाहिलंय? पण पाण्याकाठी एका पायावर तपश्चर्या करणारा आणि क्षणात चोच मारणारा बगळा आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. चिऊच्या वहीत त्या दिवसापासून ‘बगळ्या कोळी’ असंच नाव आहे.

काकांच्या घरच्या मावशींकडून सुका जवळा घेतला. त्यांनी कृतीही सांगितली: जवळा आधी कोरडा भाजायचा, मग कांदा, मिरची, कोकम, टोमॅटो घालाल तर तुमची मर्जी. फराळाचं गोडधोड तीन दिवस खाऊन जीभ विटली होती, रात्री तांदळाच्या भाकरीबरोबर ती चटणी सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ली. लिंक्स एकही नाही मिळाला, पण दिवस वाया गेला असं कुणी म्हणालं नाही.

शनिवार: येऊर

पहाटे निघालो. उपवनच्या तळ्यापाशी चहा घेतला आणि वर चढलो. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. तळ्याकडून रस्ता वर वळतो आणि पंधरा मिनिटांत हॉर्न, फटाके, सगळं मागे राहतं. हवेला ओल्या पाचोळ्याचा वास. दिवाळी होऊनही पाऊस गेला नव्हता; ढग डोंगराच्या खांद्यावर बसून होते.

कारवीची अवस्था बघून वाईट वाटलं, खरं तर वाटायचं कारण नाही. मुंबई-ठाण्याकडची कारवी आठ वर्षांनी एकदम फुलते, २०१६ नंतर २०२४ साली फुलली, बी टाकलं आणि मेली. आता उतारावर करड्या काठ्या उभ्या आणि त्यांच्या पायथ्याशी नव्या रोपांची हिरवी दाटी. वाळक्या काठ्यांत कोळ्यांची मात्र चैन. चिऊनं तासाभरात अकरा जाळी मोजली, सगळी पावसाचे थेंब धरून बसलेली.

आणि मग हिरवा! एका रुंद पानाच्या खालच्या बाजूला, पानाच्याच रंगाचा, सडपातळ कोळी. मी इतक्या जोरात ‘प्युसेशिया!’ म्हणाले की पुढं चाललेले दोन पक्षीनिरीक्षक मागे वळले. प्युसेशिया हे लिंक्सांमधलं हिरवं घराणं. गॅलरीतला तपकिरी होता, पण हिरवा मिळाला तर सोन्याहून पिवळं. गुडघ्यावर बसून भिंग लावलं आणि उत्साह ओसरला. पायांवर ते उभे, लांब काटे नाहीत. पुढच्या दोन जोड्या लांब, मागच्या दोन आखूड, आणि पानाला चिकटून असा पसरलेला की जणू कुणी इस्त्री केली. हा हिरवा खेकडा-कोळी निघाला, ऑक्सिटेट. रंग बघून ओळखायला गेलं की हे असं होतं. ऑक्सिटेट हिरवा, लिंक्स हिरवा, पान गुंडाळून घर करणारा ओलिओसही हिरवा. पक्षीनिरीक्षकांपैकी एकानं विनम्रपणे विचारलं, ‘काही दुर्मीळ आहे का?’ मी तितक्याच विनम्रपणे नाही म्हटलं.

साडेनऊला पावसानं गाठलं. पाड्याकडे धावलो आणि पहिल्याच घराच्या पडवीत शिरलो. घरातल्या वारली मावशींनी काही न विचारता दोन पाट टाकले. भिंतीवर नवीन सारवण, त्यावर तांदळाच्या पिठीचे ठिपके अजून पांढरेशुभ्र. त्यांनी काकडी चिरून दिली, मोठी, पिवळी पडलेली, बिया काढलेली. वर मीठ-मिरची. ती काकडी आंबूस-गोड असते आणि बाजारात मिळत नाही, कारण बाजारातल्या लोकांना ती जून वाटते.

पाऊस थांबल्यावर त्यांच्या भाताच्या तुकड्यापाशी गेलो. कापणी पावसामुळे रखडलेली, लोंब्या पिवळ्या होऊन वाकलेल्या. मावशी भाताच्या काळजीत होत्या, मी कोळी शोधत होते, मला जरा लाज वाटली. पण त्यांनीच हाक मारली, ‘ताई, हा बघा, असा का?’

असाच. भाताच्या पातीवर, डोकं खाली करून, पाय जवळ घेतलेला, काटे सगळे उभारलेले. रंग फिकट तपकिरी, पोटाच्या कडेनं पांढरट पट्टे. भिंगातून समोरून बघितलं तर डोळ्यांखालून दोन बारीक काळ्या रेघा सरळ जबड्यापर्यंत उतरलेल्या, जणू काजळ ओघळलंय. पायांच्या मांड्यांखालीही एकेक काळी रेघ. मी श्वास रोखून होते. एक तुडतुडा पातीवर येऊन बसला. कोळी अर्धा सेकंद हलला नाही. मग तो मूळ जागी नव्हताच. चार बोटं खाली, धाग्याला लोंबत होता आणि तुडतुडा काट्यांच्या पिंजऱ्यात. धागा मागे लावून उडी मारतो, म्हणून पडत नाही. दोरी बांधून विहिरीत उतरतात तसं.

‘त्याला आम्ही नाय मारीत,’ मावशी म्हणाल्या. ‘तो ह्यांनाच खातो.’ भातशेतीवर काम करणारे शास्त्रज्ञही तेच सांगतात. आशियातल्या भातखाचरांत ऑक्सिओपीस जावानस आणि ऑक्सिओपीस लिनिएटिपिस हे दोन लिंक्स तुडतुडे आणि पतंग खाणारे शेतकऱ्याचे मित्र म्हणून नेहमी गणले जातात. समोरचा यांपैकी कुठला? मी सांगू शकत नव्हते. मांडीखालची रेघ एकट्या एका जातीची मिरास नाही. पक्कं सांगायचं तर कोळी वाढ पूर्ण झालेला हवा. नर असेल तर तोंडाजवळच्या पाल्प नावाच्या अवयवाच्या गाठीची घडण, मादी असेल तर पोटाखालच्या जननांगाचा आकार, तोही सूक्ष्मदर्शकाखाली. पिल्लू असेल तर बहुतेक वेळा आडनावावर थांबायचं. आमचा हा पिल्लूच होता, पाल्पला गाठ नव्हती आणि पोटाखाली कोरं.

चिऊ नाराज. ‘म्हणजे एवढं करून नाव नाहीच?’ आजकाल फोनमधलं ॲप फोटोवर क्षणात नाव चिकटवतं, त्याला पाल्प दिसत नाही, पोट दिसत नाही, तरी ते धडधडीत सांगतं. माझ्यासारखंच, केवायसीच्या रांगेतून.

(फोटो काढणाऱ्यांसाठी: वरून एक फोटो सगळेच काढतात, तो सर्वांत कमी कामाचा. समोरून तोंडाचा काढा, म्हणजे डोळ्यांची मांडणी आणि त्या काळ्या रेघा येतील. बाजूनं काढा, आणि जमलं तर खालून; कोळी पानाच्या कडेवर आला की फोन खाली धरायचा. शेजारी नखाचा कोपरा येऊ द्या, मापाला. आणि झाडाचा फोटो विसरू नका, तो का ते पुढे येतंय. उद्यानाच्या हद्दीत काहीही पकडून, डबीत घालून आणायचं नाही. परवानगीशिवाय तो गुन्हा आहे. येऊरला अंधार पडायच्या आत खाली या. बिबटे खरोखरच आहेत.)

उतरून ओल्या कपड्यांनीच मामलेदार मिसळ गाठली. मध्यम मागवली तरी नाकातून पाणी. चिऊनं तिखट मागवली, संपवली आणि वर ताक प्यायली. ठाण्याची पोरं वेगळीच असतात.

रविवार: ओवळा

ओवळेकर वाडी फुलपाखरांसाठी प्रसिद्ध. रविवारी सकाळी उघडी असते, भावाच्या घरापासून रिक्षानं फार लांब नाही. आदल्या दिवशीच्या पावसानंतर ऊन स्वच्छ आणि फुलपाखरं अक्षरशः अंगावर. खुळखुळ्याच्या झाडांवर पट्टेरी वाघ फुलपाखरांची रीघ होती; त्यांचे नर त्या झाडाचा रस शोषतात आणि तो प्रणयाच्या गंधासाठी वापरतात. तिथले एक गृहस्थ हे इतक्या रंगात येऊन सांगत होते की मला ‘कोळी कुठे दिसेल’ विचारायचं धाडस होईना. फुलपाखरांच्या बागेत त्यांच्या वैऱ्याची चौकशी!

शेवटी कोळी बागेत नाहीच, बाहेर मिळाला. परतताना रस्त्याकडेच्या पडीक जागेत पिवळी तिळवण माजली होती, शेवटची फुलं आणि लांब शेंगा. चिऊच्या ओढणीला एक शेंग चिकटली. तिळवणीच्या खोडावर, पानांवर चिकट लव असते, हात लावला की बोटं चिकचिकीत होतात. चिऊ ओढणी सोडवत असताना म्हणाली, ‘आत्या, हलू नको.’

माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर ती बसली होती. पोपटी. साधा हिरवा नव्हे, कोवळ्या वालाच्या शेंगेचा हिरवा. पोटाच्या पाठीवर पांढरट कोन एकाखाली एक. पाय फिकट पिवळसर, प्रत्येक काट्याच्या मुळाशी काळा ठिपका, जणू काटे शाईत बुडवून टोचलेत. डोळ्यांच्या षट्कोनाभोवती पांढरी लव. लांबी सव्वा सेंटिमीटर असेल. या वेळी मी ओरडले नाही. काटे बघितले, डोळे बघितले, कपाळ बघितलं, मग हळूच म्हटलं, ‘हीच.’

ती एकटी नव्हती. तीन-चार पानं धाग्यांनी ओढून घेतलेली, त्यांच्या मधोमध मळकट पिवळी, खडबडीत, वाटाण्याहून थोडी मोठी अंड्यांची पिशवी. ती तिच्यावर पाय पसरून बसली होती. लांडगा-कोळ्याची मादी अशी पिशवी शेपटाशी बांधून हिंडते; लिंक्सची मादी ती झाडाला बांधते आणि तिथंच ठाण मांडते. आम्ही वाकलो तशी ती पिशवीच्या आमच्याकडच्या बाजूला सरकली. चिऊ पलीकडे गेली, ती पलीकडे सरकली. पळून जायला आख्खं रान होतं, गेली नाही. एक मुंगी खोडावरून वर येत होती. तिच्या अंगावर ती पुढचे चार पाय उंचावून अशी धावली की मुंगी खाली पडली. पुन्हा येऊन पिशवीवर.

चिकट लवेवर बारीक चिलटं अडकून वाळलेली दिसली. प्युसेशियाच्या अनेक जाती जगभर अशाच चिकट लवेच्या झाडांवर राहताना आढळतात. बाकीच्या किड्यांना जे झाड सापळा आहे तिथं ही निवांत फिरते. झाडाचा फोटो काढा म्हटलं ते यासाठी. पुढच्या वेळी हिरवा लिंक्स हवा असेल तर मी पानं चाळत बसणार नाही, आधी तिळवण शोधीन.

आणि हिचं नाव? पूर्ण वाढलेली, अंडी घातलेली मादी, भारतातली, अशा खुणांची. मी प्युसेशिया विरिडाना म्हणायला तयार आहे. या जातीचं वर्णन फर्डिनांड स्टोलिच्का यांनी १८६९ साली केलं. मोराव्हियातून भारताच्या भूगर्भ सर्वेक्षणात आलेला हा माणूस, काम दगडांचं आणि नाद शिंपल्यांचा, पक्ष्यांचा, कोळ्यांचा. १८७४ साली यारकंदच्या मोहिमेवरून परतताना लडाखमध्ये वारला, लेहमध्ये त्याची समाधी आहे. गंमत म्हणजे थोरेल या स्वीडिश शास्त्रज्ञानं प्युसेशिया हे आडनाव दिलं तेही १८६९ सालीच.

इथं एका अक्षराचा घोळ सांभाळा. भारतातल्या हिरव्या लिंक्सच्या फोटोंखाली बरेचदा ‘विरिडान्स’ लिहिलेलं असतं. ती अमेरिकेतली जात, हेंट्झ यांनी १८३२ साली नोंदवलेली, पिशवीवर कुणी आलं तर विष थुंकणारी म्हणून प्रसिद्ध. आपली विरिडाना. ‘ना’ आणि ‘न्स’ यांच्यात दोन महासागर आहेत.

आम्ही पाऊण तास तिथं होतो. रिक्षावाले थांबून विचारून गेले, काय पडलंय का म्हणून. एक आजोबा ‘साप आहे का’ म्हणत काठी घेऊन आले. त्यांना भिंग दिलं. त्यांनी बराच वेळ बघितलं, म्हणाले, ‘बाळंतीण आहे,’ आणि काठी बगलेत मारून गेले.

दुपारी घरी जेवण, रात्रीची एसटी. बॅग भरत होते, तर गॅलरीतून वहिनीची किंकाळी. पोह्यांना कढीपत्ता तोडायला गेली होती. आम्ही गुरुवारी जी फांदी तीन वेळा तपासली होती तिच्याच टोकाला, दोन पानं जवळ ओढून, तपकिरी बाईसाहेब बसल्या होत्या. कात टाकल्यावर चांगल्या वाढलेल्या. खाली चपटी, पांढरी पिशवी. चिऊनं खुर्चीवर चढून, फोन खाली धरून, पोटाचा फोटो घेतला. डोळ्यांखाली काजळाच्या रेघा होत्या, मांडीखाली रेघ नव्हती. पोटाखाली काळपट नक्षी दिसत होती, पण फोनच्या भिंगातून तिचा आकार लागेना. आणि तिला काढून सूक्ष्मदर्शकाखाली घालायचा विषय कुणी काढलाही नाही.

चिऊनं प्रकल्पाच्या पानावर ‘उड्या मारणारा कोळी’ खोडलं. वर लिहिलं, ‘ऑक्सिओपीस’, पुढे एक मोकळी रेघ मारून ठेवली. ‘माहिती: आत्या’ तसंच ठेवलं.

वहिनी तेव्हापासून कढीपत्ता खालच्या भाजीवाल्याकडून आणते, दहा रुपयांची जुडी.